हात मांडीखाली

एसटीच्या नोकरीत साहेब लोकांनी मला पुष्कळदा उभं केलं, पण माझ्याच हातांवर मला बसवलं ते एकट्या शाहीन मॅडमनं. तेही रिटायर झाल्यावर, यवतमाळच्या एका गाद्यांच्या दुकानात, सुनेच्या देखत.

"कंट्रोलर साहेब, दोन्ही हात मांडीखाली घाला. हाव, तसेच. आता बसा त्याच्यावर."

"कायले?"

"बसा तर! मग सांगते."

मी बसलो. माझ्या शेजारी माझी बायको सुमन, तिच्या शेजारी आमची सून वैशाली. तिघंही आपापल्या पंजांवर, अंड्यांवर बसलेल्या कोंबड्यांसारखे. समोर आमची नात पिहू, तेव्हा तीन वर्षांची, जमिनीवर पालथी पडून गादीच्या शिलाईवरून बोट फिरवत होती. आम्ही बसलो काय अन् उठलो काय, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. आता थांबायचं," मॅडम म्हणाली, आणि स्वतःही हात मांडीखाली सरकवून आमच्यासमोर बसली.

मला राग आला, खोटं कशाला सांगू? पांढरकवड्याहून सकाळच्या गाडीनं हाडं खिळखिळी करत आलो, ते काय हातावर बसायला? पण ही बाई कोण आणि आम्ही तिच्यापर्यंत कसे पोचलो, ते आधी सांगितलं पाहिजे.

मी पांढरकवड्याच्या बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. लोक कंट्रोलर म्हणत. काचेच्या खिडकीत बसून गाड्या लावायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरशी हुज्जत घालायची आणि भोंग्यावरून पुकारायचं, यात माझी उमर गेली. तो आवाज घरीही तसाच राहिला. मी चहा मागितला की शेजारच्यांचा कुत्रा उठून बसायचा. पिहू मात्र माझा आवाज ऐकला की कान दाबून पलंगाखाली शिरायची. नावानं हाक मारली तर वळायची नाही, आणि दुसऱ्या खोलीत नळाचा थेंब पडला तर धावत जायची. दोन अक्षरं बोलत नव्हती. सुमन म्हणायची, "लाजाळू आहे माय पोट्टी. आत्यावर गेली." माझा मुलगा नितीन म्हणायचा, मोबाइलनं झालं. शेजारणीनं दृष्ट काढून दिली.

वैशाली काहीच म्हणत नसे. पिहूला काय हवं ते तिला एकटीला कळायचं. पोरगी मनगट चावायला लागली म्हणजे तहान. दाराला डोकं लावून उभी राहिली म्हणजे पोट दुखतं. एखादी वस्तू हवी असली तर पिहू मोठ्या माणसाचा हात धरून त्या वस्तूकडे ढकलायची. माणसाच्या तोंडाकडे पाहायची नाही. तो हात म्हणजे तिच्या लेखी ओट्यावरचा चिमटा.

मग वैशालीला डेंग्यू झाला आणि तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. इकडे आम्ही पिहूपुढे दूध, खिचडी, केळं, बिस्किटं, सगळा बाजार मांडला. पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं, मनगट चावून लाल केलं, आणि तिला काय पाहिजे ते आमच्यापैकी एकालाही कळेना. शेवटी नितीननं फोन लावून ते रडणं तिच्या आईला ऐकवलं. सलाईन लावलेली वैशाली पलंगावरून म्हणाली, "पाणी पाहिजे तिले. निळी बाटली असन पाहा कुठं, झाकण उघडून द्या."

पाणी! घरात तीन धडधाकट माणसं, अन् पोरीला साधी तहान लागली हे कळलं नाही.

वैशाली घरी आली ती अर्धी होऊन. ओट्याला टेकून मला म्हणाली, "बाबा, मले आजारी पडायचीही सोय नाही. अन् उद्या मी नसली तर? ही कोणाले काय सांगन?" सून सासऱ्यासमोर एवढं बोलते तेव्हा तिच्या पोटात किती दिवस ते साचलेलं असेल. मी नुसता चष्मा पुसत बसलो.

यवतमाळच्या लेकरांच्या डॉक्टरांनी पिहूला सावकाश पाहिलं, आम्हाला पुष्कळ विचारलं आणि ऑटिझम असा शब्द सांगितला. आपल्या भाषेत स्वमग्नता. घाबरायचं नाही म्हणाले, तिच्या डोक्याची रीत वेगळी आहे, लहान आहे तोवरच शिकवायला घ्या. आणि अशा लेकरांना शिकवणाऱ्या शाहीन मॅडमचा पत्ता दिला.

पत्त्यावर पाहतो तर गादीघर. खाली मॅडमच्या वडिलांचं दुकान. पिढीजात पिंजारी माणसं. कापूस पिंजायचं यंत्र मागच्या खोलीत धडधडतंय, दारात उशांचा ढीग, हवेत रुई उडून राह्यली. वैशालीचा चेहरा उतरला. मी तिथूनच माझ्या फलाटाच्या आवाजात म्हटलं, "पोरीसाठी आलो का गादी भरायले?"

माडीवरून तितक्याच मोठ्या आवाजात उत्तर आलं, "दोन्ही होते इथं! चपला काढा अन् वर या!"

ही शाहीन मॅडम. चाळिशीची, ठेंगणी, अंगानं भरलेली. चष्मा डोक्यावर अडकवलेला आणि ती तो टेबलावर शोधतेय, हे दृश्य मी पुढे इतक्या वेळा पाहिलं की मीच लांबून बोटानं खुणावायचो. ओढणीला रुईचे पुंजके चिकटलेले. भिंतीवर नागपूरची डिग्री, आणि त्याच खिळ्याला कुण्या लेकराचं विसरलेलं टोपडं. नागपूरला मोठ्या सेंटरमध्ये चांगली नोकरी होती तिची. पण आपल्या भागातली लेकरं तिथं पोचेपर्यंत प्रवासानंच अर्धमेली होतात, हे तिला पाहवलं नाही आणि ती परत आली, असं तिचे अब्बा सांगायचे. तिला विचारलं तर म्हणायची, "छे हो! अब्बाच्या हातचा पुलाव नागपुरात नाही भेटत."

बोलायची किती म्हणता? श्वास घ्यायला थांबली तर शप्पथ. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं तिच्या स्वभावातच नव्हतं. वैशालीनं "ही रात्री..." म्हणावं की ही म्हणणार, "झोपत नाही, तीनला उठते, हसते, माहीत आहे, पुढं बोला!" मी म्हणालो, "आमच्या घरी..." की, "सगळे लाड करतात, दिसून राह्यलं, पुढं?" तिच्यासमोर मला माझी खिडकी आठवायची, रांगेतल्या माणसाचं बोलणं मीही असंच तोडायचो. आणि आल्याआल्या तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "डब्यात काय आणलं?" आमची भाकरी आणि वांग्याची भाजी तिनं पहिल्याच दिवशी निम्मी संपवली. पुढं मला कळलं की येणाऱ्या प्रत्येक माउलीच्या डब्यात तिचा हात असतो.

पण ही बाई लेकरासमोर बसली की एकदम बंद. रेडिओचं बटण फिरवावं तशी. तोंड मिटलेलं, हात मांडीखाली, डोळे फक्त पोरावर. तिला ते फार जड जायचं हे दिसायचं. ओठ थरथरायचे, खांदे हलायचे. पण हात काही बाहेर येत नसत.

त्या पहिल्या दिवशीही असंच झालं. आम्ही कोंबड्यांसारखे बसलेलो, मॅडमनं लाडवाचा डबा मध्ये ठेवलेला. पिहूनं एकदा डब्याकडे पाहिलं मात्र, सुमनचा हात मांडीखालून सुटला, माझा सुटला, वैशालीचाही सुटला, तिघंही डब्यावर तुटून पडलो. मॅडम हसून हसून आडवी झाली.

"पाहा! पोट्टीनं नुसतं पाह्यलं, तर तीन हात धावले. मग तिनं तोंड कायले उघडाव? तिचं तर बसल्या जागी भागते!"

सुमनला हे झोंबलं. ती सहसा बाहेरच्या माणसाशी वाद घालत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी लेकराले मागा लागत नाही. मागायच्या आधी ताटात पडते. सासूबाईनं मले तेच शिकवलं."

आणि खरंच आहे ते. आमच्याकडे पाहुणा असो की पोर, त्याला मागावं लागलं म्हणजे घरची बाई कमी पडली. सुमनच्या हाताखालून आजवर कोणी तोंड उघडून भाजी मागितलेली मी पाहिली नाही. ताटाकडे नजर गेली की वाढप. त्याचा तिला केवढा अभिमान.

मॅडमनं तिचा हात हातात घेतला. "आजी, आमच्याकडेही तसंच आहे. मी दहावीत जाईस्तोवर अम्मी मले घास भरवत होती. पण मी 'बस झालं अम्मी' म्हणू शकत होती ना. हिचं तसं नाही. हिले मागणं शिकवा लागते, चालणं शिकवतो तसं. आपण उचलूनच घेतलं तर पाय कधी टाकन?"

सुमननं डब्याचं झाकण गच्च लावलं आणि डबा परत मध्ये ठेवला.

तर अशी सुरुवात झाली. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पांढरकवडा ते यवतमाळ, आणि मधले सगळे दिवस घरीच, मॅडम सांगेल तसं. माडीवर खेळणी थोडी आणि गाद्या भरपूर. पिहू फार बिथरली की मॅडम तिला गादीवर निजवायची, वर दुसरी हलकी गादी टाकायची, मान बाहेर ठेवून, आणि तळहातांनी हळूहळू दाबत जायची. गुलाबजामाचा गोळा वळतो तितक्या नरमाईनं. पहिल्यांदा मी घाबरलो. पण घरभर भिंगरीसारखी फिरणारी आमची पोरगी तिथं निवांत पडून राहिली आणि तिनं एक लांब सुस्कारा सोडला. तो ऐकून वैशालीनंही सोडला. आईच्या मांडीबाहेर कुठं तरी हिला बरं वाटू शकतं, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

तिथं येणाऱ्यांत एक तालेवार कास्तकार होता, मारेगावकडचा, पांढरे कपडे, बोटात अंगठ्या. पोरगा अडीच वर्षांचा. तो दर खेपेला विचारायचा, "मॅडम, बरा कधी होईन हा?" एक दिवस मॅडम म्हणाली, "बरा व्हायले त्याले ताप आला आहे का, भाऊ? तो असाच आहे. आपण त्याले बोलायची, सांगायची सोय करून देऊन राह्यलो." तो हटेना. "पण काही गॅरंटी?" मॅडमनं जिन्याकडे बोट केलं. "गॅरंटी खाली अब्बाकडे गादीची भेटते. लेकराची नाही भेटत." मला वाटलं, हा माणूस आता उठून जाणार. तर त्यानं अंगठ्या काढून खिशात टाकल्या, कारण हातावर बसलं की त्या रुतायच्या. त्यानंतर त्याचा आमचा चांगला घरोबा झाला.

पिहूच्या टाटाचंही असंच. आमची पोरगी मनात आलं तर टाटा करायची, पण उलटा, तळवा स्वतःकडे करून. सुमन तिचा हात धरून सुलटा करायला जायची, "असा नाही बाई, असा." मॅडम ओरडली, "काहून बिघडवून राह्यल्या आजी! तुम्ही टाटा करता तेव्हा तिले तुमचा तळवा दिसते. म्हणून ती स्वतःले स्वतःचा तळवा दाखवते. हिशेब बरोबर आहे तिचा!"

घरी मात्र आमचं गाडं अडलेलं. मॅडमनं सांगितलं होतं, तिच्या आवडीची वस्तू काचेच्या बरणीत ठेवा, झाकण घट्ट लावा, तिला दिसली पाहिजे पण उघडता येऊ नये; मग हात मांडीखाली, आणि ती तुमच्याकडे येईपर्यंत थांबा. सोपं वाटतं ना? करून पाहा. नात बरणीसमोर उभी आहे, ओठ काढतेय, आणि आजी-आबानं पाहत बसायचं! सुमन माझ्यादेखत हातांवर बसायची आणि मी अंगणात गेलो की पदराआडून लाडू द्यायची. पिहूच्या गालाला तूप लागलेलं असायचं. मी कशाला बोलतो, मीही खिशात गोळ्या ठेवायचो.

एक दिवस मॅडम फोन न करता पांढरकवड्याला आमच्या दारात. "डब्यातलं खाऊन कंटाळली, ताटातलं खायले आली." सुमनचा आनंद पाहायचा होता. वरण, भात, पोळी, भरली वांगी, लाडू. मॅडम जेवत होती आणि सुमन वाढत होती. मॅडमनं ताटावर हात आडवा धरला तर बाजूनं पोळी पडली. शेवटी मॅडम म्हणाली, "आजी, आता मी सांगते तसं करा. माह्या ताटाकडे पाहूच नका. मी मागितल्याशिवाय वाढायचं नाही."

सुमन बसली. मॅडमचं ताट रिकामं झालं. सुमनची ती चुळबुळ! दोनदा चमच्याकडे हात गेला, दोनदा मागे घेतला. मॅडम बोटं चाटत बसून राहिली. मग सावकाश म्हणाली, "आजी, एक वांगं द्या ना."

सुमननं वांगं वाढलं, आणि तिच्या तोंडावर काय हसू आलं! म्हणाली, "कोणं मागून खाल्लं माह्या हातचं आजवर? तुम्हाले आवडलं काय खरंच?"

"पाहा," मॅडम म्हणाली. "मागितलं तर देणाऱ्याले किती बरं वाटते. हे तिच्या वाट्याचंही आहे अन् तुमच्याही."

जेवण झालं. लाडवाची बरणी पिहूसमोर. सुमन हातांवर बसली, यावेळी मनापासून. शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली, पिहूनं कान दाबले, पुन्हा बरणी धरली, झाकणाला नख लावलं, बरणी आपटली. सुमनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात नव्हते. मग पिहूनं बरणी उचलली, चालत आली, ती आजीच्या मांडीवर ठेवली आणि मान वर करून आजीच्या तोंडाकडे पाहिलं. हाताकडे नाही, तोंडाकडे. सुमन म्हणाली, "उघडू? उघडू माय?" आणि झाकण उघडायच्या घाईत बरणी निसटायला लागली, ती मलाच धरावी लागली. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि भांडी घासायला लागली, नुसती घासलेलीच भांडी.

माझ्या आवाजाचाही मॅडमनं बंदोबस्त केला. "कंट्रोलर साहेब, तुम्ही घरात राहता का फलाटावर? पोट्टीचे कान नाजूक आहेत. हळू बोला. अन् तेच तेच बोला, तिले तेच तेच आवडते." आता मला तेच तेच एकच येतं. मी पिहूजवळ बसून अगदी हळू, कुजबुजत पुकारायला लागलो: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पांढरकवड्याहून यवतमाळकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे." पिहू पलंगाखालून बाहेर यायची. पाठ माझ्याकडे, पण जवळ. मॅडमनं सांगितलं, शेवटचा शब्द गिळा आणि थांबा. मी बरेच दिवस गिळत राहिलो. एका सकाळी मी म्हटलं, "...फलाट क्रमांक दोनवर उभी..." आणि हातांवर बसलो. भिंतीकडे तोंड करून आमची पोरगी म्हणाली, "आहे."

मी घरभर नाचलो. मॅडमला फोन केला. ती म्हणाली, "मुबारक, काका. पण आता ऐका. हा शब्द खेळातला आहे, गरजेचा नाही. वैशालीचा प्रश्न अजून तसाच आहे."

तिच्या ध्यानात होता तो. पहिल्याच दिवशी वैशालीनं तिलाही विचारलं होतं, मी नसली तर ही कोणाले सांगन? मॅडम ते विसरली नाही. पाणी, दे, उघड, नको. हे शब्द एकेक करून आले, कधी येऊन गेले, पुन्हा आले. मध्ये काही महिने तर काहीच नाही, आम्ही सगळे खट्टू. पिहू घरात मागायला लागली तेव्हा मॅडम म्हणाली, "घरच्यांना तर खुणाही कळतात. आता अब्बाले मागू दे." मग अब्बाला मागितलं. मग खालच्या कारागिराला. अनोळखी माणसाला मात्र नाही. अनोळखी दिसला की पिहू आईच्या ओढणीत तोंड खुपसायची.

आणि अशातच मॅडमच्या नवऱ्याची बदली भुसावळला झाली. तिनं हाताखाली तयार केलेल्या दोन मुली माडीवरचं काम पुढं चालवणार होत्या, चांगल्या मुली आहेत, आजही आम्ही तिथंच जातो. पण त्या दिवशी आमचे सगळ्यांचे चेहरे पडले. मॅडम म्हणाली, "रडू नका. शेवटचा क्लास माडीवर नाही. स्टँडवर."

यवतमाळचं स्टँड, दुपारची वेळ, तोबा गर्दी. पिहू आता पाच पूर्ण झालेली, कानांवर जाड कानझाकणी. मॅडमनं निळी बाटली पाण्यानं भरली आणि झाकण असं आवळलं की मलाही उघडलं नसतं. पिहूला बाकाच्या एका टोकाला बसवलं. त्याच बाकावर नऊवारी नेसलेली एक म्हातारी पिशव्या घेऊन बसली होती. आम्ही समोरच्या बाकावर. वैशाली खांबाच्या आड, पोरीला दिसणार नाही अशी बसलेली. पिहू पळाली तरच हात बाहेर काढायची मुभा होती. मी सगळ्यात कडेला, पहाऱ्यावर.

"हात मांडीखाली," मॅडम म्हणाली.

पिहूला तहान लागली. तिनं झाकण फिरवलं. फिरेना. दातांनी ओढलं. मग तिनं आईला शोधलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आई नाही. ती आमच्याकडे पाहत होती, पण आमचे हात दिसत नव्हते. मग मनगट तोंडात गेलं.

खांबाआडून वैशाली अर्धी उठली. मी मॅडमकडे पाहिलं. दुसऱ्याचं वाक्य तोडणारी ही बाई, तिचे ओठ नुसते हलत होते, आवाज नव्हता, आणि ती आपल्या हातांवर सगळा भार टाकून बसली होती. तिनं वैशालीकडे पाहून फक्त मान हलवली. वैशाली परत बसली. तिचं ते बसणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पिहूनं मनगट तोंडातून काढलं. बाटली म्हातारीच्या गुडघ्यावर ठेवली. म्हातारी पलीकडच्या बाईशी मारेगावच्या गाडीबद्दल बोलत होती, तिचं लक्षच नव्हतं. पिहूनं तिचा पदर ओढला.

"काय व माय?"

"पाणी," पिहू म्हणाली. "उघड."

म्हातारीनं बाटली घेतली, झाकणाशी झटापट केली, पदरानं धरून पिळलं, तेव्हा कुठं उघडलं. आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं बोलली, "इतकं घट्ट कोणं लावलं हो लेकराच्या बाटलीले? अक्कल नाही का मायबापाले!"

पिहू घटाघट पाणी प्यायली. मॅडम हसत होती की रडत होती कोण जाणे, दोन्ही असेल. वैशाली खांबाला डोकं टेकून उभी राहिली, मग माझ्याजवळ आली. म्हणाली, "बाबा, आता मी एखाद्या वेळी आजारी पडली तरी चालते." आणि अशी मोकळी हसली की मला तिच्या लग्नातली वैशाली आठवली. इतकी वर्षं घरात होती, पण ती पोरगी मी मध्ये पाहिलीच नव्हती.

आमची गाडी लागली. मॅडमनं पिहूला ना जवळ ओढलं, ना पापा मागितला, ना टाटा कर म्हटलं. सुमननं मॅडमच्या पिशवीत लाडवाचा डबा घातला, तोही घट्ट झाकणाचा. आम्ही चढलो. खिडकीतून पाहिलं तर मॅडम त्याच बाकावर जाऊन बसलेली, हात मांडीखाली, नजर आमच्या खिडकीवर. सुमन पिहूचा हात धरायला निघाली आणि स्वतःच थांबली.

पिहू शेजारच्या गाडीचं चाक पाहत होती. कंडक्टरनं शिटी दिली, गाडी मागे सरकायला लागली. मला माझ्या जुन्या आवाजात ओरडावंसं वाटलं, थांबवा रे गाडी, जरा थांबवा! पण मी हातांवर बसलो. गाडीनं तोंड फिरवलं, बाक लांब गेला, आणि तेव्हा पिहूनं काचेपाशी हात वर केला. तळवा स्वतःकडे, उलटा.

मॅडमनं दोन्ही हात मांडीखालून ओढून काढले. ती बाकावर चढली, चपलांसकट, चष्मा डोक्यावर, ओढणी खांद्यावरून घसरलेली, आणि दोन्ही हात उंच करून टाटा करायला लागली, तळवे स्वतःकडे करून, उलटा, पिहूसारखाच. ती म्हातारी पिशव्या सावरत बाजूला झाली आणि तोंड वर करून तिच्याकडे पाहत राहिली. आम्ही फाटकाबाहेर पडलो तरी मॅडमचे हात वरच होते.